नवऱ्याचे आयरिश पूर्वज १७३०च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात आले. आयर्लंडमधलं मूळ गाव कसं शोधावं?

यजमानांचे पूर्वज उत्तर आयर्लंडहून आले एवढंच घरात माहीत आहे, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या नाशिकच्या उपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात तशी तिकडे सोय आहे का, असंही विचारलंय. तशी वही नाही, पण गाव सापडू शकतं. माझ्या सुनेच्या माहेरचा मूळपुरुष याच काळातला, त्यामुळे या कागदांत मी बरीच वर्षं बुडालेली आहे. माझं ठाम मत आहे की आत्ता आयर्लंडकडे वळूच नका. गावाचं नाव कुठे उतरलेलं असलंच तर ते बहुधा अमेरिकेतल्या कागदात असेल.

जहाजाच्या यादीची आशा सोडा. प्रवाशांच्या याद्या सरकारजमा करायचा अमेरिकी नियम १८२०पासूनचा. पेनसिल्व्हेनियात १७२७पासून जर्मनांच्या याद्या मिळतात, कारण परके म्हणून त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. आयरिश माणूस मुळातच ब्रिटिश राजाची प्रजा, त्यामुळे त्याला ती शपथ नव्हती आणि तशी यादीही झाली नाही.

आधी पंथ कोणता ते बघा. क्वेकर (एक प्रोटेस्टंट पंथ; त्यांच्या स्थानिक मंडळीला ‘सभा’ म्हणत) असतील तर नशीब उघडलं म्हणायचं. क्वेकर माणूस निघताना तिकडच्या सभेचा दाखला घ्यायचा आणि पेनसिल्व्हेनियातल्या सभेत दाखवायचा: हा अमुक सभेचा, वागणूक चांगली, कुणाचं देणं नाही, लग्नाचं कुठे ठरलेलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्हा) न्यू गार्डन हे नावसुद्धा आयर्लंडच्या कार्लो काउंटीतून आलेल्या क्वेकरांचं. तुमचे पूर्वज मात्र उत्तरेचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन (स्कॉटिश वळणाचा प्रोटेस्टंट पंथ) असण्याचाच संभव जास्त. तिथे दमानं घ्यावं लागतं.

मग मृत्युपत्रं, खरेदीखतं, कराच्या याद्या. लँकेस्टर काउंटी १७२९ साली चेस्टरमधून वेगळी झाली, तेव्हा त्याआधीचं चेस्टरच्या दफ्तरात बघायचं. आपल्या माणसाचं नाव दिसलं म्हणून तिथेच थांबू नका. साक्षीदार कोण, बांधाला बांध कुणाचा, मुलगी कुणाच्या घरी दिली, सगळं टिपून ठेवा. ही माणसं गोतावळ्यासकट यायची. उत्तर आयर्लंडमधल्या अघाडोईचे पाद्री जेम्स मॅकग्रेगर १७१८ साली आपल्या मंडळींना घेऊन बॉस्टनला उतरले आणि पुढे त्यांनीच न्यू हॅम्पशायरमध्ये लंडनडेरी वसवलं. आम्हाला धागा मिळाला तोही असाच: मृत्युपत्रावर सही करणाऱ्या शेजाऱ्याच्या थडग्यावर त्याची आयर्लंडमधली काउंटी कोरलेली होती.

करारबद्ध नोकर म्हणून (म्हणजे प्रवासभाड्याच्या बदल्यात काही वर्षं राबायला) आला असेल तर ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्रातल्या पळालेल्या नोकरांच्या जाहिराती वाचा. वय, उंची, तोंडावरचे देवीचे व्रण, कोट कसल्या कापडाचा, बुटांना बकल कसलं, बोलण्यात आयरिश हेल किती, मालक सगळं छापायचा, क्वचित काउंटीसुद्धा. वाचताना जीव कासावीस होतो, पण गरीब माणूस इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्याच कागदात दिसत नाही.

काउंटी किंवा टाऊनलँड (आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) हाती आलं की मग आयर्लंड. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर ३० जून १९२२ला यादवी युद्धात जळालं. १७४०ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी त्यातच गेली, पण तिच्या काही भागांच्या नकला बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स वाचली. तिथे १७०८पासूनचे भाडेपट्टे आणि लग्नाचे करार आहेत. शेतकरी त्यात कमी, पण पट्टा लांब मुदतीचा असेल तर नाव मिळतं.

डीएनए करायचा तर यजमानांचा वाय-डीएनए (बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा) करा, तोही आडनाव बापाकडून मुलाकडे तुटल्याशिवाय आलं असेल तरच. नेहमीची स्वस्त चाचणी आठ पिढ्यांमागे फारशी पोचत नाही.

इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत तुमचा माणूस ओ'नील या जुन्या आयरिश राजघराण्यातल्या एखाद्या सरदाराला जोडलेला दिसेल. खाली कागदाचा पुरावा नसेल तर ती फांदी घेऊ नका. पंथ आणि टाउनशिप (काउंटीच्या आतला लहान विभाग) कळवलीत तर पुढे कुठलं दफ्तर उघडायचं ते सांगते.