उपाशीपोटी गोळी आणि वावरातली घेरी

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराइड घेतात. एकादशीला सकाळची गोळी घेऊन ते उपाशीच वावरात गेले आणि धुऱ्यावर घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागले. हे वयामुळे झाले असेल का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : याला वय समजून सोडून देऊ नका, वर्णनावरून रक्तातली साखर उतरल्याची दाट शक्यता वाटते. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवणारे इन्सुलिन स्रवायला लावते, आणि उतारवयात मूत्रपिंडाचे काम मंदावले असल्यास तिचा परिणाम लांबतो. म्हणून न्याहारी नसेल तर ती गोळीही नको, हे डॉक्टरांकडून पक्के करून घ्या. उपासाच्या दिवसांचा डोस आधीच विचारा आणि मूत्रपिंडाची तपासणी करवून घ्या. वडिलांच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि सावरल्यावर भाकरी खाऊ घालावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्यांना कुशीवर निजवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.