पहिल्या रिमोटच्या मॉडेल विमानाला इंजिन कोणतं?

साताऱ्यात उडवणार आहेस, तर आधी वाऱ्याचा विचार कर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पहिलं उड्डाण सकाळच्या शांत हवेत, खालच्या मोकळ्या माळावर कर.

किट ट्रेनरचंच, म्हणजे धडाच्या वर पंख असलेल्या शिकाऊ विमानाचंच घे. ४० साइजच्या (म्हणजे ०.४० घनइंची इंजिनासाठी बनवलेल्या) ट्रेनरला मी ४६चं, म्हणजे ०.४६ घनइंच किंवा साधारण ७.५ सीसीचं ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगवर मिथेनॉल जाळणारं) सुचवेन. ४०चंही चालतं, पण इथं सुमारे ७०० मीटर उंचीवर हवा विरळ, ताकद थोडी कमी पडते. याहून मोठं नको, नाक जड होतं.

बाल्सा (विमानाचं हलकं लाकूड) चिकटवताना मात्र अजिबात घाई करू नकोस, बाबा! पंख जरासा पिळला, तरी विमान एका अंगाला कलतं. तोल किटच्या नकाशातल्या खुणेवर, टाकी रिकामी ठेवून तपास.