महाकाव्य, मिथक आणि नाटक यांच्या अभ्यासात कोणत्या संज्ञा आधी पक्क्या कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, वहीत चाळीसेक संज्ञा आहेत आणि पेपरात सगळ्यांची खिचडी होते. माझंही तेच व्हायचं. सुटलो तो कुडाळजवळच्या एका जत्रेत, देवळासमोर, रात्री दोनच्या सुमारास.

दशावतारात कर्णाचं आख्यान चाललं होतं. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी आणि पखवाज, बस्स. शस्त्रपरीक्षेच्या वेळी कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. बाकड्याच्या टोकाला कुंती, म्हणजे दिवसा बहुधा शेतात राबणारा कुणी बाप्या, पदर दातात धरून गप्प. माझ्या शेजारच्या आजीला राहवेना. हातातली खाज्याची पुडी उंचावून ती ओरडली, "सांग गो बाये, तुझोच झील मां तो!" झील म्हणजे मुलगा.

नाट्यात्म उपरोध तो हाच. प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही. त्यानंतर मला व्याख्या पाठ करावी लागली नाही.

त्याच आख्यानात पुढे कुंती गंगाकाठी कर्णाला भेटते. तिथे 'अभिज्ञान' शोधायला जाल तर जरा जपून. महाभारतात कृष्णाने कर्णाला जन्मरहस्य आधीच सांगितलेलं असतं, त्यामुळे ओळख पटण्याचा धक्का कुंतीच्या भेटीत नाही. ॲरिस्टॉटलला अभिज्ञान आणि स्थितिविपर्यय (म्हणजे दशा एकदम उलटणं) एकाच क्षणी आलेले सर्वांत आवडतात, आणि त्यासाठी तो सोफोक्लीजच्या 'ईडिपस' नाटकाचा दाखला देतो: दूत राजाची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्याने राजा बुडतो.

'हामार्शिया'चं भाषांतर गाइडवाले 'शोकात्म दोष' असं करतात आणि मुलं नायकाचे दुर्गुण मोजत बसतात. मूळ ग्रीक क्रियापद नेम चुकण्यासाठीही वापरलं जाई. कर्णाने दुर्योधनाशी इमान राखलं, हा दुर्गुण म्हणाल? नेम चुकला म्हणा, लगेच पटतं.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी जागा: महाकाव्य. 'इलियड' आणि 'रघुवंश' एकाच खुंटीला टांगू नका. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीच्या 'काव्यादर्शा'त महाकाव्य म्हणजे सर्गबद्ध रचना. तिथे 'रघुवंश' चपखल बसतं. महाभारताची मात्र 18 पर्वं आहेत, आणि परंपरा त्याला 'इतिहास' म्हणते, रामायणाला 'आदिकाव्य'. म्हणून मराठीत 'आर्ष' (परंपरेतून, ऋषींच्या नावावर आलेलं, महाभारतासारखं) आणि 'विदग्ध' (एका कवीने जाणीवपूर्वक रचलेलं, 'रघुवंशा'सारखं) असे दोन शब्द वापरतात. हे दोन जमले की अर्धं उत्तर झालं.

होमरच्या 'चपलचरण अकिलीज'सारखी ठरीव विशेषणं घोकू नका, त्यांचं काम बघा. मिल्मन पॅरी या होमरच्या अभ्यासकाने 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातले लोकगायक ध्वनिमुद्रित केले. गायक आख्यान शब्दन् शब्द पाठ करत नाही, गाता गाता तयार साच्यांतून जुळवत नेतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या दशावतारातही लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी आख्यानाचा आराखडा ठरतो आणि संवाद तिथल्या तिथे सुचतात. फरक एवढाच की होमरला वृत्त सांभाळायचं होतं, आमच्या राजाला पहाटेपर्यंत घसा.

'मिथक' म्हणजे परंपरेने चालत आलेली देवादिकांची कथा; तिचा 'मिथ्या'शी संबंध जोडू नका, एवढं पुरे. गंमत म्हणजे ॲरिस्टॉटल कथानकाला 'मिथॉस' म्हणतो आणि शोकांतिकेच्या सहा घटकांत त्याला पहिला मान देतो. कर्णाची कथा सगळ्या गावाला पाठ असते. ती कुठून सुरू करायची आणि कुठे तोडायची हे मंडळी ठरवतात, ते कथानक.

नांदी, पूर्वरंग, सूत्रधार हे शब्द आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, एकदा बघितलात की आपोआप बसतील. पारंपरिक खेळात गणपती, सरस्वती आणि संकासुर येऊन गेल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही.

राहिलं विरेचन, म्हणजे शोकांतिका बघताना मनातल्या करुणा-भीतीचं जे होतं ते. ॲरिस्टॉटलने 'कॅथार्सिस' हा शब्द शोकांतिकेच्या व्याख्येत टाकला आणि पुढे उलगडला नाही. वैद्यकातला निचरा की धार्मिक शुद्धी, यावर अजून भांडणं आहेत. मराठी शब्द निचऱ्याच्या बाजूने झुकलाय. पेपरात दोन्ही अर्थ लिहा. मी एकच लिहिला होता, तीन मार्क गेले.