बग्गीला मोठा बोअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अलिबागजवळ आमचं छोटं रिसॉर्ट आहे. दोन चिनी १५० सीसी बग्ग्या आहेत. चढावर दम टाकतात. ६१ मिमीचा बोअर किट घ्यावा की ६३चा?

या बग्ग्यांत बहुतेक वेळा जीवाय६ जातीचं स्कूटर इंजिन असतं. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५७.८ मिमी. स्ट्रोक तोच ठेवून ६१चा पिस्टन टाकला की इंजिन १६९ सीसी होतं, ६३चा टाकला की १८०. आकडा पाहून ६३चा मोह होतो, पण सिलिंडरच्या स्लीव्हचा (आतल्या नळीचा) खालचा भाग क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तोंडात बसतो. ६३ला ते तोंड बहुधा मशीनवर मोठं करावं लागतं, म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं. तुमच्यासाठी ६१ पुरे. तरी ऑर्डर देण्याआधी हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडून स्टडमधलं, म्हणजे हेड धरणाऱ्या उभ्या बोल्टांमधलं, अंतर व्हर्नियरने मोजा. ते ५४ मिमी आहे की ५७, यावर कोणता किट बसेल ते ठरतं. स्लीव्हचा बाहेरचा व्यासही विक्रेत्याकडून मागवून घ्या.

किट घरीच बसवणार आहे. कुठे जपायचं?

पिस्टन पिनची सर्क्लिप (पिन जागेवर अडवणारी तारेची कडी) घालताना. खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडका कोंबल्याशिवाय तिला हातच लावू नका. ती टिचकन उडते आणि नेमकी आत जाते. मग दहा रुपयांच्या तारेपायी सगळं इंजिन खोला. जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नका.

पिस्टनची रिंग नुसती सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) पाहा. किटसोबत माप दिलेलं नसेल तर ६१ मिमीला साधारण पाव मिमी धरा. फट कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरला चरे पडतात. पिस्टनवरची ‘इन’ खूण कार्बोरेटरच्या बाजूला. बेस गॅसकेट लावताना स्टडभोवतीचा तेलाचा मार्ग झाकला जात नाही ना, ते पाहा. हेडला तेल तिथूनच चढतं. सिलिकॉन फासणारे मेकॅनिक तोच मार्ग बुजवतात. हेडचे नट टॉर्क पान्याने, तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. शेवटी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर जुळवा.

डॅलसला असतो. किट बसवल्यापासून बग्गी कमी रेसवर छान चालते, पण फुल थ्रॉटलला अडखळते आणि फार तापते.

पेट्रोल कमी पडतंय. इंजिन आता जास्त हवा ओढतं, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मात्र जुनाच. तिकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, त्यानेही मिश्रण आणखी पातळ होतं. (भारतातल्या ई२०ला हे जास्तच लागू.) फुल थ्रॉटलला थोडं पळवा, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढा. पांढराफटक असेल तर मेन जेट एकेक पायरी वाढवत जा. त्याआधी इनटेक मॅनिफोल्डला हवा गळती नाही ना, ते तपासा.

आणखी एक शंका: बसवताना सिलिंडरभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण काढून ठेवलंत का? पंख्याची हवा त्याच्यामुळेच सिलिंडरवरून फिरते. ‘उघडं ठेवलं तर गार राहील’ असं वाटतं, होतं उलटंच. शिवाय हेड तेच ठेवून बोअर वाढवला की कॉम्प्रेशन वाढतं. मूळचं ९.२ असेल तर ६१ला हिशेबाने १०.३च्या आसपास जातं. नॉकिंगचा (इंजिनात टकटक) आवाज आला तर आधी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा.

एवढा खर्च केला, टॉप स्पीड तेवढाच!

तो तेवढाच राहणार. मूळ सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ठरावीक आरपीएमला इंजिन अडवतो आणि गिअरिंग बदललेलं नाही. तुम्हाला मिळाला तो टॉर्क, तो वाळूत आणि चढावर कळतो. पिकअप अजून मंद वाटत असेल तर व्हेरिएटरचे (बेल्टच्या पुढच्या पुलीचे) रोलर थोडे हलके करून पाहा, आणि बेल्ट झिजला असेल तर तो आधी बदला. पुढचं चेन स्प्रॉकेट मोठं करून वेग वाढवता येतो. पण या बग्ग्यांचे ब्रेक पाहता मी ते करून देत नाही.

आम्ही कॉलेजच्या बाहा (विद्यार्थ्यांनी बग्गी बांधायची स्पर्धा) संघात आहोत. मोठा पिस्टन टाकला तर?

बाद व्हाल. तिथे इंजिन ठरवून दिलेलं असतं, आत हात घालता येत नाही. वजन कमी करा आणि सीव्हीटी (बेल्टवरचा आपोआप बदलणारा गिअर) ट्यून करा.

किट बसवल्यावर लगेच पळवायची का?

नाही. पाच मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या; असं तीनदा. मग हलक्या हाताने, एकाच रेसवर न रेंगाळता फिरवा. पहिलं तेल लवकर काढा आणि पांढऱ्या कपड्यावर ओतून पाहा. बारीक करडी चमक चालते. बोटाला टोचणारे कण दिसले तर बग्गी सुरू करू नका, हेड पुन्हा उघडा.