पहिल्यांदाच थंडीत रत्नागिरीला राहायला जाताय? हे वाचा

भाऊ, नक्की जा! नागपुरात पारा १० च्या खाली गेला की आमच्या हिचे गुडघे धरायचे. तिकडे जानेवारीतही स्वेटर लागत नाही. पहिल्या वर्षी मात्र एवढंच सांभाळा:

- घर एकच महिना घ्या, तळमजल्याचं. आम्ही थेट तीन महिन्यांचं घेतलं, तेही दुसऱ्या मजल्यावर. जिन्यानेच जीव काढला.
- पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन निघा.
- मुलं-नातवंडं नाताळात येणार, तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. सगळ्यांना एकदम बोलावू नका. दोन खोल्यांत नऊ माणसं झाली की वहिनी स्वयंपाकघरातच अडकतील.

पापड घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, दमट हवेत लगेच मऊ पडतात.