उत्सर्जन थांबले तरी ध्रुवांवरचे बर्फ का वितळत राहील

२०७० साली भारताचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले आणि इतर देशांनीही तोवर तेच साधले, तर ध्रुवांवरचे बर्फ वितळायचे थांबेल का, आणि खाजनाचा, म्हणजे भरतीचे खारे पाणी अडवून केलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध तेवढ्याच हिशेबाने उंच करावा का, असे आपण विचारले आहे. बर्फ तेव्हा थांबणार नाही.

खाजनाचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, की बांध लगेच दुरुस्त केला तरी मातीतले मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात, हे आपण पाहिलेच असेल. कार्बन डायऑक्साइडचे असेच आहे, फक्त काळ फार मोठा. औद्योगिक काळापूर्वी हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० भाग होते, आता ते ४२०च्या वर गेले आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून पाहता त्याआधीच्या आठ लाख वर्षांत ते ३००च्या फारसे वर कधी गेले नव्हते. समुद्र आणि झाडे यातला बराच भाग शोषतात, पण उरलेला काही हिस्सा हजार वर्षांनंतरही हवेत राहतो. त्यामुळे उत्सर्जन थांबल्यावर तापमान वाढायचे जवळजवळ थांबते, खाली मात्र सहजी येत नाही.

समुद्रावर तरंगणारे बर्फ या तापमानाशी लवकर जुळते. (ते वितळल्याने पाण्याची पातळी जवळपास वाढत नाही.) जमिनीवरचे हिमस्तर मात्र दोन-तीन किलोमीटर जाड असल्यामुळे आजच्या उष्णतेला पुरते उत्तर द्यायला त्यांना शतके, कधी सहस्रके लागतात. ग्रीनलँडचा माथा वितळून खाली येतो तसा तो अधिक उबदार हवेत येतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा तळ तर पुष्कळ ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली असल्याने समुद्राचे तुलनेने उबदार पाणी त्याला खालून पोखरते. एकट्या ग्रीनलँडमध्ये समुद्राची पातळी सात मीटरांनी वाढवील एवढे बर्फ आहे. त्यातले किती आणि किती वेगाने जाईल, हे कोणत्या वर्षी थांबलो यापेक्षा तोवर हवेत एकूण किती वायू सोडला यावर ठरेल.

तेव्हा बांधाचा हिशेब २०७०पाशी संपवू नये, असे मला कळकळीने वाटते. शिवाय नुसता बांध उंच करून भागणार नाही. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारे ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की उघडतात. समुद्राची पातळी चढत गेली तर ती उघडी राहण्याचा वेळ कमी होईल आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबेल, म्हणून मानशीची रुंदी आणि संख्या यांचाही विचार आताच करावा.