भरती-ओहोटीचं तारण

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: ‘माझं तारण झालंय हे मला कळणार कसं?’ खाली लिहिलं आहेस की उपासनेत मन लागत नाही, संध्याकाळी किनाऱ्यावर बसलं की देव जवळ वाटतो, आणि घरी परतलं की पुन्हा सगळं कोरडं. तर किनाऱ्यावरूनच सुरुवात करू.

तुला क्षमा झाली आहे हे समुद्र सांगू शकत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १:२० प्रमाणे सृष्टीवरून देवाचं सामर्थ्य आणि देवपण कळतं. क्रूस त्यात दिसत नाही. ३ जून २०२० ला आपल्या किनाऱ्यावर वादळ आलं, त्याचं नावच ‘निसर्ग’ होतं. श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. शांत संध्याकाळ बघून ‘देव माझ्यावर प्रसन्न आहे’ म्हणणाऱ्याने त्या दिवशी काय म्हणावं? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती असं येशूने स्पष्ट सांगितलं (लूक १३:४-५). हवामानात स्वतःचा निवाडा शोधू नकोस.

ना. वा. टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. फुलं त्यांच्यापाशी आधीपासून होतीच. पाऊल हललं ते आगगाडीत हाती आलेल्या नव्या करारामुळे, त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनामुळे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गंमत अशी, की त्याच प्रवचनात येशू आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं दाखवतो. क्रम ध्यानात ठेव: आधी वचन, मग वचनाने बोट दाखवलेलं फूल.

आता यिर्मयाचा ३१ वा अध्याय उघड. ३४ व्या वचनात देव म्हणतो, मी त्यांच्या अधर्माची क्षमा करीन, त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही. लगेच ३५-३६ मध्ये सूर्य, चंद्र, तारे आणि गर्जणाऱ्या लाटा येतात: हे नियम माझ्यासमोरून ढळले, तरच माझे लोक माझ्यापुढून नाहीसे होतील. हे बोलणं इस्राएलाशी आहे हे खरं. पण त्यातला नवा करार ख्रिस्तात पुरा झाला असं इब्री लोकांस पत्राचा ८ वा अध्याय सांगतो. आपल्या भाषेत ‘तारण’ शब्दाचे दोन अर्थ आहेत: पापातून सुटका, आणि कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. सोनेतारण कर्ज आठव: घेणारा दागिना ठेवतो, देणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. इथे मात्र देणाऱ्यानेच दागिना तुझ्यासमोर ठेवला आहे. तो दागिना म्हणजे ही भरती-ओहोटी.

म्हणून ती नीट बघ. एक चांद्रमास, साडेएकोणतीस दिवस. जाणती माणसं तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण. पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, त्यानंतर साधारण सहा तासांनी. हिशेब ठोकळ आहे, पण रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी उशिरा येते हे तुला स्वतःला दिसेल. वहीत दोन रकाने कर. एकात पाण्याची वेळ आणि ते कुठल्या खडकापर्यंत आलं होतं ते. दुसऱ्यात त्या दिवशी मन कसं होतं ते, चार शब्दांत. मग यिर्मयाची ती तीन वचनं (३१:३४-३६) मोठ्याने वाच. अर्धा तास पुरे. फोन घरी. पाणी चढत असताना पुढच्या कातळावर बसायचं नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर पाऊलच ठेवायचं नाही.

पंधरा दिवसांत दुसरा रकाना भरकटलेला दिसेल, पहिला नाही. कालवं काढायला जाणाऱ्या बायका बघ: कातळावर अजून पाणी असतं तेव्हाच त्या टोपल्या घेऊन घरातून निघतात. आज मनाला कसं वाटतंय यावर त्यांचं निघणं ठरत नाही. विश्वास ठेवणं म्हणतात ते जवळजवळ असंच असतं.

मीखा ७:१९ किनाऱ्यावरच वाच: देव आपली पापं समुद्राच्या डोहात टाकतो. काठावर फेकलेलं निर्माल्य पुढच्या भरतीला परत पायाशी येतं, हे तू रोज बघतेस. कबूल केलेलं पाप तू काठावरच टाकतेस आणि दुसऱ्या दिवशी तेच उचलून तपासत बसतेस, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. (कबूलच न केलेलं, मुद्दाम धरून ठेवलेलं काही असेल, तर समुद्राकडे जाण्याआधी ते सोड. तिथे निसर्गचिंतन ही पळवाट ठरते.)

आणि नांगर. इब्री ६:१९ आशेला जिवाचा नांगर म्हणतं. खाडीत होडी नांगरताना दोर किती सोडायचा? पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट. ओहोटीला तीन मीटर पाणी बघून कुणी पंधरा मीटर दोर सोडला आणि उधाणाचं पाणी अडीच मीटर चढलं, तर खोली साडेपाच होते आणि दोर तिपटीलाही पुरत नाही. ओढ आडवी राहत नाही, वर लागते. नांगराचा फाळ चिखलातून निघतो आणि होडी वाहू लागते. म्हणून हिशेब भरतीच्या पाण्याचा करायचा. तुझी खात्री बऱ्या दिवसांच्या उथळ पाण्यावर मोजलेली आहे. रोमकरांस पत्र ८:३८-३९ आणि योहान १०:२८ आताच पाठ कर, दोर लांब असू दे. शिवाय पाणी फिरलं की नांगरलेली होडीही तोंड फिरवते, गरगरते. नांगर सुटल्याची ती खूण नव्हे. इब्री पत्रातला नांगर तर मंदिराच्या पडद्याच्या आत, म्हणजे देवासमोर, येशू गेला आहे तिथे रुतलेला आहे. होडीतच ठेवलेल्या नांगराला, म्हणजे स्वतःच्या भावनेला, कितीही घट्ट धरलंस तरी होडी थांबणार नाही.

दोन चुका हमखास होतात. एक, खूण मागणं: ‘आता डॉल्फिन दिसला तर माझं तारण झालं.’ तसं करू नकोस. दिसला तर आनंदाने बघ आणि घरी जा. दुसरी, मंडळी, म्हणजे चर्च, सोडून किनाराच देऊळ करणं. लाट तुला प्रभुभोजन देणार नाही, आणि चुकलीस तर कान धरणार नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे असंच चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखव. त्यात अविश्वास काही नाही.

येत्या अमावास्येपासून वही सुरू कर. पहिल्या अष्टमीनंतरच्या रविवारी उपासना झाली की ती घेऊन ये. दुसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पहिला भरलेला हवा.

तुझा,
काका